शेवटच्या गोळीपर्यंत

(घरातले मांजर किंवा कुत्रे चावले तर जखम लहान दिसते, पण धोका लहान नसतो. अशी जखम चिघळल्यावर घरी राहून औषधोपचार कसा घ्यावा आणि तो अर्ध्यावर का सोडू नये, हे या पाठात सांगितले आहे.)

मांजर हा घराघरांतला लाडका प्राणी आहे. ते उंदीर मारते, थंडीत पायाशी येऊन झोपते, ताटाजवळ बसून आपला वाटा मागते. हजरत अबू हुरैरा यांचे नाव तुम्हांला माहीत आहे. 'अबू हुरैरा' म्हणजे मांजराच्या पिल्लाचे वडील. मांजराच्या पिल्लावर त्यांची फार माया होती, म्हणून त्यांना हे नाव मिळाले.

पण मांजर कितीही लाडके असले, तरी ते वाघाच्या कुळातले आहे. ते घाबरले, दुखावले किंवा कोपऱ्यात सापडले, की नखे आणि दात वापरते. अशा वेळी त्याला आपले आणि परके कळत नाही.

मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. कुत्रा चावला तर कातडी फाटते, रक्त वाहते आणि घरातले सगळे घाबरून धावपळ करतात. मांजर चावले तर सुईने टोचल्यासारखी दोन-चार छिद्रे दिसतात. रक्ताचे थेंब येतात आणि थांबतात. छिद्राचे तोंडही लवकर मिटते. आपण म्हणतो, "काही झाले नाही." खरे तर तिथेच फसगत होते. सुळ्यावरचे जंतू खोल आत गेलेले असतात आणि वरचे दार बंद झालेले असते. म्हणून कुत्र्याच्या चाव्यापेक्षा मांजराच्या चाव्यात पू होण्याचे प्रमाण जास्त आहे.

हे एका उदाहरणाने समजून घेऊ. मालेगावातील यंत्रमाग कामगाराचे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. घरात अब्बा, अम्मी, दादी, आठवीत शिकणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. भाऊ तिला आपा म्हणतो. आपणही तिला आपाच म्हणू.

रविवारी संध्याकाळी गल्लीतला एक कुत्रा घरातल्या मांजरामागे लागला. आपाने धावत जाऊन मांजराला उचलले. घाबरलेल्या मांजराने तिच्या उजव्या हाताला, तर्जनीच्या मुळाशी, कडकडून चावा घेतला. आपाने हात झटकला, नळाखाली क्षणभर धरला आणि ओढणीला पुसला. मांजराला कोणी मारू नये म्हणून तिने घरात काहीच सांगितले नाही.

पहाटे ठणक्याने तिला जाग आली. बोट सुजून जाड झाले होते. भोवतालची कातडी लाल आणि गरम झाली होती. बोट वाकवले की कळ निघत होती. छिद्रातून पिवळसर पाणी येत होते. आता लपवणे शक्य नव्हते. तिने अम्मीला उठवले.

दादी म्हणाली, "हळद आणि तेल गरम करून बांध. आमच्या वेळी असेच करायचे."

अम्मी म्हणाली, "अम्मीजान, हळद जेवणात चांगली. ही जखम डॉक्टरांनाच दाखवायला हवी."

अम्मीने आधी एक काम केले. तिने आपाचा हात वाहत्या पाण्याखाली धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटे धुतला. चावा झाला त्याच क्षणी हे करायला हवे होते. पण उशीर झाला तरी धुणे टाळू नये. चाव्यावर मिरची, चुना, माती, तेल किंवा कॉफीची पूड कधीही लावू नये. त्यामुळे जखम भाजते, मळते आणि जंतू आतच राहतात.

सकाळी अब्बा आपाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी बोट हळूच वाकवून पाहिले. मग त्यांनी विचारले, "कोण चावले? केव्हा? मांजर घरचे आहे का? त्याला लस दिली आहे का? पूर्वी कोणत्या औषधाने तुझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या का? पेनिसिलीन चालते का?"

अब्बा म्हणाले, "डॉक्टरबाई, एवढ्याशा जखमेला इतके प्रश्न?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "भाईसाहेब, जखम एवढीशी आहे, पण जागा वाईट आहे. हातावर मांस थोडे असते. कातडीच्या खाली लगेच सांधे आणि स्नायुरज्जू असतात. स्नायुरज्जू म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या. त्यांच्यावरच आपली बोटे हलतात. पू त्यांच्यापर्यंत पोहोचला, तर शस्त्रक्रिया करावी लागते. कधी बोट कायमचे ताठ होते. तुम्ही आज आलात, हे चांगले केलेत."

आपाने आपल्या बोटाकडे पाहिले. याच बोटाने ती लेखणी धरत होती. वहीत सुंदर उर्दू अक्षरे काढण्याचा तिला छंद होता. ती काही बोलली नाही, पण डॉक्टरबाईंचे प्रत्येक वाक्य तिने नीट ऐकले.

डॉक्टरबाईंनी जखम धुऊन पू काढला. त्यांनी टाके घातले नाहीत. अशी जखम शिवून टाकली, तर जंतू आत कोंडले जातात. त्यांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि रेबीजची लस सुरू केली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. चाव्यातून दोन वेगवेगळी संकटे येऊ शकतात. एक जिवाणूंचे, दुसरे विषाणूचे.

मांजराच्या तोंडात पाश्चरेला नावाचे जिवाणू सहसा असतात. त्यांच्यामुळे मांजर आजारी दिसत नाही. पण ते माणसाच्या मांसात शिरले, की काही तासांतच सूज आणि ठणका सुरू होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या नावावरून या जिवाणूंना हे नाव मिळाले. जिवाणूंवर प्रतिजैविके चालतात.

रेबीज विषाणूमुळे होतो. विषाणूवर प्रतिजैविके मुळीच चालत नाहीत. रेबीजची लक्षणे दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी जखम धुणे आणि लस घेणे, एवढाच उपाय आपल्या हातात असतो. रेबीज कुत्र्यामुळे होतो हे सर्वांना ठाऊक आहे; तो मांजरामुळेही होऊ शकतो. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. तो मुलगा वाचला. पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. २८ सप्टेंबर हा दिवस आता जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

पूर्वी आपल्याकडे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. त्या भीतीने लोक चावा लपवत. आता ती जुनी लस बंद झाली आहे. नवी लस दंडावर देतात. सरकारी दवाखान्यात ती साधारणपणे पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेच्या आत आणि भोवती आणखी एक औषध टोचतात. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत ते शरीराचे रक्षण करते. आपालाही ते टोचले. डोळ्यांत पाणी आले, पण तिने हात मागे घेतला नाही.

"मांजराला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते आजारी पडले, मेले किंवा नाहीसे झाले, तर लगेच मला कळवा. पण त्याची वाट पाहत लस लांबवायची नाही."

मग त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहिली. गोळीत दोन औषधे होती : अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. चाव्याच्या जखमेवर हे औषध नेहमी वापरतात. अमॉक्सिसिलीन हे पेनिसिलीनच्या घराण्यातले औषध आहे. जिवाणू आपल्याभोवती एक भिंत बांधतात. हे औषध ती भिंत बांधू देत नाही आणि जिवाणू फुटून मरतात. पण काही जिवाणू मोठे हुशार असतात. ते असा एक पदार्थ तयार करतात, की ज्यामुळे अमॉक्सिसिलीनच मोडून पडते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्या पदार्थाला अडवून धरते. एक औषध लढते, दुसरे त्याची पाठ राखते.

डॉक्टरबाई आपाला म्हणाल्या, "बाळ, औषध मी लिहिले, पण इलाज आता तुझ्या हातात आहे. सकाळी नाश्त्याबरोबर एक गोळी, रात्री जेवणाबरोबर एक. मध्ये बारा तासांचे अंतर. सात दिवस, चौदा गोळ्या. एखादी विसरलीस, तर आठवताच घे; पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर दोन एकदम घेऊ नकोस. हात गळ्यातल्या झोळीत ठेव. झोपताना उशीवर, छातीपेक्षा उंच ठेव. त्याने सूज उतरते. जखम ओली ठेवू नकोस. पट्टी रोज बदल."

मग त्यांनी पेन घेतले आणि लाल झालेल्या कातडीच्या कडेने एक रेघ ओढली. "ही आपली सीमा," त्या म्हणाल्या. "लाली या रेघेबाहेर गेली, मनगटाकडे लाल पट्टा चढू लागला, ताप किंवा थंडी आली, ठणका वाढला किंवा बोट हलेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी या. सगळे ठीक असले, तरी बुधवारी मला हात दाखवायचाच."

घरी आल्यावर अम्मीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक तारखेखाली दोन लहान चौकोन काढले. गोळी घेतली, की आपा डाव्या हाताने एका चौकोनात खूण करी. धाकट्या भावाला हे काम फार आवडले. "आपा, गोळी!" अशी आरोळी तो रोज दोनदा देऊ लागला.

सोमवारची रात्र ठणक्यात गेली. मंगळवारी लाली रेघेच्या जवळ पोहोचली होती, पण रेघ ओलांडली नव्हती. औषध सुरू झाले, की त्याच क्षणी बरे वाटत नाही. एक-दोन दिवस धीर धरावा लागतो आणि लक्ष ठेवावे लागते. बुधवारी सकाळी लाली रेघेपासून बोटभर आत सरकली होती. डॉक्टरबाईंनी बोट वाकवून पाहिले आणि मान डोलावली.

त्याच दिवशी आपाचे पोट बिघडले. दोन-तीन वेळा पातळ शौचाला झाले. अम्मीला वाटले, गोळ्या बंद कराव्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या औषधाने काहींचे पोट थोडे ढिले होते. पोट भरून जेवण, भरपूर पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी एवढे पुरे. मात्र शौचातून रक्त पडले, जुलाब थांबेनात, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर औषध थांबवून तडक दवाखाना गाठायचा." औषधाचा त्रास झाला तर तो डॉक्टरांना सांगावा. औषध बंद करायचे की बदलायचे, हे त्यांनी ठरवायचे असते.

गुरुवारी लसीची दुसरी मात्रा झाली. शुक्रवारी सकाळी सूज जवळजवळ गेली होती. आपाने बोट वाकवले. थोडे दुखले, पण वाकले. पाकिटात सहा गोळ्या उरल्या होत्या. नेमका त्याच दिवशी धाकट्या भावाचा घसा धरला.

दादी म्हणाली, "बेटी, तुझा हात बरा झाला. गोळ्या महाग असतात. उरलेल्या भावाला दे. त्याचाही घसा बरा होईल."

दादीच्या बोलण्यात माया होती आणि काटकसरही होती. आपल्या कितीतरी घरांत असेच बोलले जाते. पण त्या सहा गोळ्या उरलेल्या नव्हत्या. त्या अजून घ्यायच्या होत्या.

सूज उतरली म्हणजे सगळे जंतू मेले असे नाही. कमजोर जंतू आधी मरतात, चिवट जंतू मागे राहतात. उपचार मध्येच थांबला, तर ते पुन्हा वाढू शकतात आणि बोट पुन्हा सुजू शकते. दुसरे असे, की मुलांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो. विषाणूवर या गोळीचा काही उपयोग नाही. म्हणजे आपाचा इलाज अर्धा राहिला असता आणि भावाच्या पोटात नको असलेले औषध गेले असते. शिवाय एकाची मात्रा दुसऱ्याला चालत नाही.

अर्धवट औषधाने काय होते, हे जगाने फार पूर्वी पाहिले आहे. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत पेनिसिलीन सापडले. पण बुरशीतून औषध काढणे अतिशय अवघड होते. पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थोड्या प्रमाणात तयार केले. तेथल्या रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचे ४३ वर्षांचे एक पोलीस शिपाई पडून होते. चेहऱ्यावरची एक जखम चिघळली होती. जंतू अंगभर पसरले होते आणि एक डोळा काढावा लागला होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांना पेनिसिलीन देण्यास सुरुवात झाली. ताप उतरला. जखमा सुकू लागल्या. ते जेवू लागले. डॉक्टरांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

पण औषध संपत आले. त्या काळी ते इतके दुर्मीळ होते, की रोग्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलीन पुन्हा वेगळे करून त्यालाच देत असत. तेही पुरले नाही. पाच दिवसांत साठा संपला. काही दिवस त्यांची तब्येत बरी राहिली. मग जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली. १५ मार्च १९४१ रोजी अलेक्झांडर मरण पावले.

त्या शिपायाला आणखी काही दिवसांचे औषध हवे होते आणि साऱ्या जगात ते कोठे मिळण्याजोगे नव्हते. आज तेच औषध आपल्या घरातल्या फळीवर असते आणि आपण ते अर्ध्यावर सोडतो.

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणून घेतो, पण पुरेसे घेत नाही. त्याच्या घशातले जंतू मरत नाहीत. ते पेनिसिलीन पचवायला शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिच्यावर मग पेनिसिलीन चालत नाही आणि ती मरण पावते. औषध शोधणाऱ्यानेच औषधाच्या गैरवापराचा इशारा दिला होता.

तो इशारा खरा ठरला. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गरज नसताना, मनाने किंवा अर्धवट घेतलेली गोळी या जिवाणूंना बळ देते. म्हणूनच चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. २०१६ साली भारत सरकारने लोकांना या रेघेची ओळख करून देण्याची मोहीम सुरू केली. ती रेघ दिसली, की ओळखावे : हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, कोणाला द्यायचे नाही आणि सांगितलेल्या दिवसांआधी सोडायचे नाही. किती दिवस घ्यायचे हे रोगावर अवलंबून असते. कधी तीन दिवस पुरतात, कधी चौदा लागतात. तो हिशेब डॉक्टरांचा, पाळणे आपले.

असे दुखणे रमजानच्या महिन्यात आले तर? बारा तासांची गोळी सेहरी आणि इफ्तारला घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. ताप असेल, अशक्तपणा असेल, तर आजारी माणसाला रोजा सोडून तो नंतर पूर्ण करण्याची सवलत धर्मानेच दिली आहे. पण कोणाला न विचारता गोळी चुकवू नये.

शुक्रवारी आपाने दादीचा हात धरून तिला दिनदर्शिकेजवळ नेले. "दादी, हे बघ. आठ खुणा झाल्या. सहा चौकोन रिकामे आहेत. ते भरले, की हात बरा झाला असे मी म्हणेन. भाऊला अब्बा दवाखान्यात दाखवतील."

दादी हसली. "बरे बाई," ती म्हणाली, "आता मीच तुला आठवण करीन."

अब्बांनी भावाला दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी घसा पाहिला आणि कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला सांगितले. तीन दिवसांत त्याचा घसा मोकळा झाला. एकही गोळी लागली नाही.

रविवारी रात्री आपाने चौदावी गोळी घेतली आणि शेवटच्या चौकोनात खूण केली. सोमवारी लसीची तिसरी मात्रा घेऊन ती शाळेत गेली. चौथ्या मात्रेची तारीख अम्मीने दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली. मांजरही ठणठणीत होते. दहा दिवस झाल्यावर अब्बांनी त्याला पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले आणि लस टोचून आणले.

मुलांनो, प्राण्यांवर प्रेम जरूर करा. त्यांना लस द्या. ते जेवत असताना, झोपलेले असताना किंवा घाबरलेले असताना त्यांना उचलू नका. आणि चावा झालाच, तर तो लपवू नका. साबण आणि पाणी हा पहिला इलाज, डॉक्टर हा दुसरा आणि तुमची स्वतःची शिस्त हा तिसरा. पहिले दोन थोड्या वेळात होतात. तिसरा मात्र शेवटच्या गोळीपर्यंत चालतो.

शब्दार्थ

चिघळणे – जखमेत पू होऊन ती वाढणे
सुळा – मांस फाडण्यासाठी असलेला टोकदार दात
ठणका – थांबून थांबून येणारी जोराची वेदना
तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट
गांधी – अंगावर उठणारे खाजरे, लाल फुगवटे
धनुर्वात – शरीर ताठ करणारा एक जीवघेणा रोग
प्रतिजैविक – जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध
मात्रा – औषधाचे ठरवून दिलेले प्रमाण
दगावणे – मरण पावणे

वाक्प्रचार

फसगत होणे – फसणे
पाठ राखणे – मागून रक्षण करणे
उचल खाणे – पुन्हा जोर धरणे
न जुमानणे – पर्वा न करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'अबू हुरैरा' या नावाचा अर्थ काय?
(२) आपाने मांजराचा चावा घरात का लपवला?
(३) डॉक्टरबाईंनी जखमेला टाके का घातले नाहीत?
(४) रेबीज दिन कोणत्या तारखेला पाळतात?
(५) औषधाच्या पाकिटावरील लाल रेघेचा अर्थ काय?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मांजराच्या चाव्यात पू लवकर का होतो?
(२) हातावरचा चावा अधिक धोक्याचा का असतो?
(३) डॉक्टरबाईंनी आपाच्या हातावर पेनने रेघ का ओढली?
(४) पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर यांच्या हकिकतीवरून आपण काय शिकतो?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) "एवढ्याशा जखमेला इतके प्रश्न?"
(२) "इलाज आता तुझ्या हातात आहे."
(३) "उरलेल्या भावाला दे."
(४) "सहा चौकोन रिकामे आहेत."

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(१) रेबीज हा रोग ______ मुळे होतो. (जिवाणू, विषाणू)
(२) चावा झाल्यावर जखम साबणाने ______ मिनिटे धुवावी.
(३) मांजराला ______ दिवस डोळ्यांसमोर ठेवावे.

प्र. ५. कारणे लिहा.
(१) आपाने उरलेल्या गोळ्या भावाला दिल्या नाहीत.
(२) जखमेवर मिरची किंवा चुना लावू नये.

भाषाभ्यास

(अ) जखम, इलाज, दवाखाना, तब्येत, मलम हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. पण काहींचे लिंग बदलते. उर्दूत 'जख्म' पुल्लिंगी आहे. मराठीत 'ती जखम' असे म्हणतात. उर्दूत 'मरहम' पुल्लिंगी आहे; मराठीत 'ते मलम' असे म्हणतात. या पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचे मराठीतील लिंग लिहा.

(आ) 'जर – तर' वापरून वाक्ये पूर्ण करा.
(१) जर लाली रेघेबाहेर गेली, तर ______
(२) जर अंगावर गांधी उठल्या, तर ______

उपक्रम : तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात रेबीजची लस कोणत्या वेळी मिळते, याची माहिती मिळवा आणि ती वर्गाच्या फलकावर सुवाच्य अक्षरांत लिहा.